'अवतार' आणि 'देहधारण'

इंग्रजीत ज्यास 'इन्कार्नेशन' म्हणतात, त्यास मराठीत 'अवतार' म्हणावे की नाही, हा प्रश्न खेड्यापाड्यांतील उपदेशकांपुढे वारंवार येतो. प्रश्न शब्दाचा दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटात मनुष्याच्या शरीराचे मोल काय, हा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम 'अवतार' पाहू. 'तॄ' ह्या संस्कृत धातूचा अर्थ पार जाणे. 'अव' म्हणजे खाली. तेव्हा अवतार म्हणजे खाली उतरणे. आगरदांड्याहून राजपुरीची खाडी ओलांडून दिघीस जाणाऱ्या बंधूंस हा धातू परका नाही. त्यांची तर, त्यांचे तारू, तरीत बसणारे उतारू, ही सारी त्याच घरची लेकरे होत. आणि प्रभूस आपण ज्या नावाने हाक मारतो, ते 'तारणारा' हे नावही तेथलेच. म्हणून 'अवतार' शब्द ऐकताच जे कानांवर हात ठेवतात, त्यांचे भय आम्हांस अनाठायी वाटते.

तथापि उतारू दिघीस उतरला म्हणून तो दिघीकर होत नाही. येणारा कोठून आला एवढेच 'अवतार' सांगतो. तो काय झाला, हे सांगत नाही. नित्याच्या बोलण्यात तर हा शब्द वेषावरच येऊन थांबतो. पोर चिखलात माखून आले की आई म्हणते, "काय हा अवतार!" हल्ली यंत्राच्या पडद्यावर मनुष्य स्वतःऐवजी जे चित्र उभे करतो, त्यासही इंग्रजीत 'अवतार'च म्हणतात.

'इन्कार्नेशन'ची गोष्ट निराळी. हा शब्द इंग्रजीत १३०० च्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेतून आला. मूळ लॅटिन 'कारो', म्हणजे मांस. खाटकाच्या दुकानी टांगलेले असते तेही हेच. गोव्यात उपवासकाळापूर्वी 'कार्निव्हल' होतो, त्याच्या नावातही हेच मांस आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, ग्रीक शब्द 'सार्क्स' आहे. तोही तितकाच रोखठोक. पहिल्या शतकांतील कित्येकांस तो सोसवला नाही. प्रभूचे शरीर केवळ भासमान होते, असे ते म्हणू लागले. त्यांचे नावच मुळी 'भासणे' ह्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून पडले. मंडळीने त्यांचे मत नाकारले, आणि ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेने प्रभू पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे असे ठरविले.

आमचे 'देहधारण' सभ्य आहे, पण धारण तर पागोटेही करतात. 'देही' म्हणावे, तर गीतेत देही म्हणजे देहात राहणारा, जुने वस्त्र टाकावे तसा देह टाकणारा आत्मा. मराठीस रोखठोक शब्द नाही असे मात्र नाही. 'हाडामांसाचा माणूस' असे आपण घरीदारी म्हणतोच. उपदेशाच्या वेळी तेवढा तो शब्द दाराबाहेर राहतो.

शरीर हे वस्त्रच असेल, तर शेजाऱ्याची भूक ही वस्त्राची भूक ठरते, आणि तिच्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही. आपल्याच जिल्ह्यात महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी व त्यांच्या बांधवांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. पुढे सनातनी मंडळींनी ते तळे गोमूत्र व शेण घालून 'शुद्ध' केले. सर्वांभूती एकच आत्मा आहे, असे सांगणाऱ्या धर्माची ही माणसे. त्यांस आत्म्याचा विटाळ झाला नव्हता. विटाळ झाला तो हाताचा, ओंजळीचा, ओठांचा. आमच्या मंडळ्यांतही प्रभुभोजनाच्या प्याल्यापाशी जुनी जात कोठे कोठे डोके वर काढते, तीही आत्म्याविषयी चकार शब्द बोलत नाही.

शोमरोनातील विहिरीपाशी प्रभू थकून बसला होता. त्याला तहान लागली होती. जिच्या भांड्यास त्याचे लोक शिवत नसत, त्या बाईजवळ त्याने पाणी मागितले. उपदेशक बंधूंनी 'अवतार' शब्द खुशाल वापरावा. मात्र तो वापरल्यावर ही विहिरीची गोष्ट त्याच बैठकीत सांगावी, आणि तहान सांगताना आवाज खाली आणू नये.