अध्याहृत शीर्षक आणि उत्तरदायित्व

जे पद वाक्यात उच्चारलेले नसते, परंतु अर्थपूर्तीसाठी वाचक मनाने पुरवतो, त्याला व्याकरणात अध्याहृत म्हणतात. हे पुरवण्याचे काम वाचकाऐवजी एखादी व्यवस्था करू लागली तर काय होते? विदाविश्लेषणाच्या संगणकीय लायब्ररींमध्ये, म्हणजे तयार आज्ञावलींच्या संचांमध्ये, हे रोज घडते. अभ्यासकाने आलेखाला शीर्षक दिले नाही, तर कोणते द्यावे, की देऊच नये, हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते. यालाच 'डिफॉल्ट' म्हणतात. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु जो बोललेला नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने किती बोलावे, हा त्याचा गाभा नैतिक आहे. आणि मराठी साहित्यव्यवहाराला तो मुळीच नवा नाही.

'आर' या संगणकीय भाषेत आयतालेख काढला, की 'अमुक चलाचा आयतालेख' अशा अर्थाचे शीर्षक आपोआप उमटते. 'मॅटप्लॉटलिब' ही लायब्ररी शीर्षकाची जागा कोरी ठेवते. जेरार जेनेत यांनी ग्रंथाच्या उंबरठ्यांविषयीच्या १९८७ मधील विवेचनात शीर्षकांचे जे दोन प्रकार कल्पिले, ते येथे उपयोगी पडतात. काही शीर्षके संहितेचा विषय सांगतात, तर काही संहिता कोणत्या जातीची आहे एवढेच सांगतात. 'आर'चे शीर्षक दुसऱ्या प्रकारात मोडते. आलेखाचा प्रकार आणि चलाचे नाव यांपलीकडे ते जात नाही, कारण त्यापलीकडचे त्याला ठाऊकच नसते.

आपल्या भूमीतही असे नामकरण झालेले आहे. मावळातील घोरावाडीच्या परिसरात, डोंगरावर कोरलेली लेणी अभ्यासकांच्या यादीत 'शेलारवाडी' या गावनावाने येतात. भाविकांसाठी तोच डोंगर घोरावडेश्वराचा आहे. कार्ल्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील शिलालेखांत त्या स्थळाचे नाव वलूरक असे येते, आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपले शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे नोंदवतो. कर्त्याचे शीर्षक अभिमानाचे होते. उरले ते जवळच्या गावाचे. परंतु गावाचे नाव लेण्याच्या अर्थाविषयी कोणताही दावा करत नाही, आणि येथेच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

ज्या डोंगरांशी परंपरा तुकोबांच्या चिंतनाचा संबंध जोडते, त्यांत घोरावडेश्वरही आहे. तुकोबांच्या अभंगाला शीर्षक नसते. कवीची स्वतःची खूण म्हणजे शेवटची नाममुद्रा. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या गाथेपासून आजपर्यंत आपण अभंग ओळखतो तो मुख्यतः क्रमांकाने किंवा पहिल्या चरणाने. ही अध्याहृत नावे निरुपद्रवी वाटतात. पाठ्यपुस्तकाचा संपादक मात्र त्याच अभंगावर एखादे आशयसूचक शीर्षक चढवतो, आणि परीक्षेत विद्यार्थ्याला त्या 'शीर्षकाची समर्पकता' सिद्ध करायला सांगितले जाते. कवीने न केलेले विधान कवीच्या नावावर जमा होते, आणि त्याचे समर्थन करणे हेच वाचन ठरते. अर्थाची शक्यता येथे अर्थाच्या सक्तीत बदलते.

मग जागा कोरी ठेवणे अधिक नैतिक म्हणावे काय? मर्ढेकरांनी 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) या संग्रहांत कवितांना शीर्षकांऐवजी क्रमांक दिले. ते मौन कवीने निवडलेले होते. लायब्ररीने कोरी ठेवलेली जागा आणि अभ्यासकाने जाणूनबुजून कोरी ठेवलेली जागा मात्र डोळ्यांना सारखीच दिसतात. शिवाय आलेख मूळ पानापासून सुटून फिरू लागला, की त्या कोऱ्या जागेत कोणीही काहीही लिहू शकतो. तेव्हा मौनही निरपराध नसते.

याहून अवघड प्रश्न शीर्षकाखाली दडलेला आहे. आयतालेखात विदा किती वर्गांत विभागायची, हे वापरणाऱ्याने सांगितले नाही तर मॅटप्लॉटलिब दहा वर्ग पाडते. 'आर' १९२६ मध्ये मांडलेल्या स्टर्जेसच्या नियमाचा आधार घेते. तीच विदा एका विभागणीत एकशिखरी, तर दुसरीत द्विशिखरी दिसू शकते. गाथेचा क्रमांकही असाच आहे. तो तटस्थ भासतो. परंतु त्यामागे संपादकाने लावलेला क्रम असतो, आणि निरनिराळ्या गाथांत तो निरनिराळा आहे. शीर्षक डोळ्यांसमोर असते म्हणून खोडता येते. वर्गसंख्या आणि क्रम दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याशी वाद घालणेही सुचत नाही.

यावरून उत्तरदायित्वाची वाटणी करता येईल. अध्याहृत शीर्षकाने स्वतःला ठाऊक आहे तेवढेच सांगावे. आशयाचा निवाडा देऊ नये. आणि न बोलता घेतलेले निर्णय वाचकाला दिसतील असे ठेवावेत. हे रचनाकाराचे आणि संपादकाचे कर्तव्य झाले. वापरणाऱ्याचे कर्तव्य वेगळे आहे. मौन हे संमतीचे लक्षण मानले जाते. आयते मिळालेले शीर्षक ज्याने जसेच्या तसे प्रसिद्ध केले, त्याने ते लिहिले नसले तरी स्वीकारले आहे. 'ते यंत्राने दिले' हे उत्तर 'ते पाठ्यपुस्तकात होते' या उत्तराइतकेच अपुरे आहे. विद्यार्थ्याला समर्पकता विचारण्यापूर्वी हे शीर्षक कोणाचे, एवढा प्रश्न आपण विचारू लागलो, तरी समीक्षेचे एक मूलभूत काम सुरू होईल.