आधी राहण्याची सोय

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजात शिकणाऱ्या मराठी मुलीचा विषय निघाला की आपण लगेच तिच्या धैर्याबद्दल बोलू लागतो. रस्त्यावरचे टोमणे, वर्गातला वेगळा बाक, नातेवाइकांचा अबोला, आणि हे सारं सोसून मिळवलेली पदवी. यात खोटं काही नाही. पण हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावासारख्या गावातून त्या काळाकडे पाहिलं की वेगळाच प्रश्न आधी सुचतो. ती मुलगी जेवत कुणाकडे होती, रात्री अभ्यासाला दिवा कुणाच्या घरात लावत होती? माझ्या मते तिच्या शिक्षणाचा निकाल बराचसा इथेच लागत होता.

इरावती करमरकर, म्हणजे पुढच्या इरावती कर्वे, यांचंच पाहा. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील तिथे नोकरीला. सातव्या वर्षी त्यांना पुण्यात हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवलं गेलं. तिथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि शकुंतलाच्या आईनं या मुलीला आपल्याच घरी वाढवायला घेतलं. घर रँग्लर परांजप्यांचं, फर्ग्युसनच्या प्राचार्यांचं. पुस्तकं हाताशी, जेवताना वादविवाद, आणि मुलीनं शिकावं की नाही हा प्रश्नच नाही. १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या. त्यांची बुद्धी असामान्य होती, हे कोण नाकारेल? पण तेवढीच बुद्धी घेऊन जन्मलेल्या आणि असं घर न लाभलेल्या मुलींचं काय झालं, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

मुलीच्या शिक्षणाआधी तिच्या राहण्याची सोय लागते, हे महर्षी कर्व्यांना फार लवकर उमगलं होतं. १९०० मध्ये पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर त्यांनी झोपडी उभारली. विधवांचा आश्रम तिथे नेला आणि स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून रोज काही मैल पायी ये-जा केली. १९०७ मध्ये महिला विद्यालय आलं आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी मोजून पाच. विषय मराठीतून शिकवायचे, इंग्रजी मात्र सक्तीचं, सोबत गृहशास्त्र आणि आरोग्य. पदवीचं नाव गृहीतागमा, म्हणजे जी. ए. हे दुय्यम दर्जाचं शिक्षण आहे, मुलींना पुन्हा चुलीशीच बांधणारं आहे, अशी टीका तेव्हा झाली. तिच्यात तथ्य होतं, आणि पदवीला सरकारी कायद्याची मान्यता मिळायला १९५१ उजाडलं, हेही खरं. तरीही शिरूरकडची बाळूताई खरे याच हिंगण्यात राहून शिकली आणि विभावरी शिरूरकर या नावानं १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून तिनं शिकलेल्या मुलींचं एकटेपण महाराष्ट्रासमोर मांडलं. ज्या शिक्षणाला चूल-मुलाचं म्हणून हिणवलं गेलं, त्यातूनच ही लेखणी आली, याचा त्या टीकाकारांनी विचार करायला हवा होता.

आता गोरेगावकडे वळू. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. महिला विद्यापीठ निघालं त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. इंग्रजी माध्यमाचं जोखड दूर करणारे हे दोन मोठे प्रयोग जवळजवळ एकाच वेळी झाले, आणि इथली मुलगी दोन्हींच्या मधे राहिली. आपल्या राज्यातलं विद्यापीठ उर्दूत शिकवणारं. आपल्या भाषेतलं विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, पुण्याच्या पलीकडे. मनमाड-हैदराबाद रेल्वे १९०० पासून धावत होती, पुढे पूर्ण्याहून हिंगोलीला फाटाही आला. म्हणजे जायला गाडी होती. पण उतरल्यावर कुणाच्या दारी जायचं? पुण्यात मावशी किंवा आत्या नसली, की वडिलांची इच्छा असूनही गोष्ट तिथेच संपत असे.

आज ही अडचण मिटली आहे का? बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्कही सरकारनं माफ केलं. निर्णय चांगलाच आहे. पण शुल्क माफ झालेल्या मुलीला नांदेडला किंवा संभाजीनगरला खोली करावी लागते, मेसचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला तर ठीक. नाही लागला, तर हळदीचा भाव पडलेल्या वर्षी पोरीची खोलीच आधी सोडली जाते, भावाची राहते. आणि मराठवाड्यात घरी परतलेल्या पोरीला स्थळं यायला वेळ लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शुल्कमाफीच्या आकड्यांबरोबर प्रत्येक जिल्ह्यानं मुलींच्या वसतिगृहातल्या खाटांचा आकडाही दरवर्षी जाहीर करावा, आणि अर्ज किती आले तोही. खाटांइतकंच महत्त्व रेक्टरबाईंना द्यावं. हिंगणं कर्व्यांच्या नावानं ओळखलं जातं, पण पार्वतीबाई आठवल्यांसारख्या स्वतः वैधव्य भोगलेल्या बाईनं तिथला संसार सांभाळला, आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. अशा कामाला आज कंत्राटी मानधनावर, वर्षावर्षाच्या मुदतीनं बाई नेमायची आणि ऐंशी मुली तिच्या भरवशावर सोडायच्या, हे थांबलं पाहिजे.