आठवी आज्ञा आणि आपला मोबाईल



17 मार्च 2025 ची संध्याकाळ आपण नागपूरकर विसरलेलो नाही. त्या दिवशी महाल भागात औरंगजेबाच्या कबरीविरुद्ध निदर्शने झाली. तेथे जाळलेल्या चादरीवर पवित्र वचने होती, अशी बातमी पसरली. ही अफवा असल्याचे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितले. पण तोवर दगडफेक व जाळपोळ होऊन गेली होती. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला. कित्येक भागांत संचारबंदी लागली. आपला उपवासकाळ आणि मुसलमान बांधवांचा रमजान तेव्हा एकाच वेळी चालू होता.

त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती.

अशा वेळी आपण म्हणतो, "आम्ही कुठे खोटे बोललो? आले ते पुढे पाठवले." एवढ्याने आपण निर्दोष ठरतो का?

आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. साक्ष दिली जाते ती न्यायनिवाड्यासाठी. मोशेच्या नियमशास्त्रात एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवता येत नसे. दोन किंवा तीन साक्षीदार लागत आणि कसून चौकशी करावी लागे. आज एकच निरोप दहा ग्रुपवर आला की तो आपल्याला खरा वाटतो. पण साक्षीदार दहा नसतात. असतो तो एकच, आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

लोकशाहीत मतदार हाही न्यायाधीशच असतो. उमेदवार कसा आहे, कोणता समाज काय करतो, याचा निवाडा तो मनात करतो आणि मग बटण दाबतो. त्याच्यापुढे खोटी साक्ष आली तर मतदान सुरळीत पार पडूनही न्याय बिघडतो. पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याला दोषी मानणे हेही ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार पापच आहे. म्हणून "ठाऊक नव्हते" ही सबब पुरी पडत नाही. ठाऊक करून घेणे आपल्या हाती होते.

आपल्या प्रार्थनासभांविषयी कोणी खोटेनाटे पसरवले की आपण दुखावतो. मग दुसऱ्या धर्माविषयीचा निरोप आपण इतक्या सहज खरा का मानतो?

आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स पत्रकारांचे आश्रयदाते आहेत. 1923 साली पोप अकरावे पायस यांनी तसे घोषित केले. शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहिली आणि ती घरोघरी दारांखालून सरकवली. निरोप पसरवणे त्यांनाही आवश्यक वाटले. मात्र त्या शब्दांची जबाबदारी त्यांनी स्वतः घेतली.

2018 साली व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाठवावा की नाही, हे विवेकबुद्धीनेच ठरवायचे असते.

आणि चूक झालीच तर? निरोप गुपचूप पुसून टाकणे पुरेसे नाही. दुसऱ्याच्या नावाला लावलेला बट्टा भरून काढणे हे आपले कर्तव्य आहे. ज्या ग्रुपवर खोटे पाठवले, त्याच ग्रुपवर "ते खोटे होते, मी चुकलो" असे लिहायला हवे. ते जड जाते, पण प्रायश्चित्त सोपे कधी असते? या आठवड्यात आपण तेवढे धैर्य प्रभूकडे मागू या.