शंभर क्षेत्रांची साक्ष

आमच्या मंडळीतील एक मुलगी बेंगळुरू येथे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेत आहे. प्रात्यक्षिकासाठी तिला एका रुग्णालयाच्या क्षयरोग तपासणी कक्षात नेमले आहे. मागील महिन्यात तिचे पत्र आले. तिने लिहिले होते, "काका, एका दिवसात चाळीस स्लाइड येतात. प्रत्येकीची शंभर क्षेत्रे पाहिलीच पाहिजेत काय? इथे कोणी पाहत नाही. मी पाहिले नाही तर ते पाप ठरेल काय?"

प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. तो तसा नाही, हे समजण्यासाठी या कामाची थोडी ओळख हवी. रुग्णाचा बेडका काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू बारीक तांबड्या काड्यांसारखे दिसतात. भिंगातून एका वेळी जो गोल भाग दिसतो ते एक क्षेत्र. जंतू सापडत नसतील, तर अशी शंभर क्षेत्रे पाहिल्याखेरीज 'आढळले नाहीत' असे लिहिता येत नाही. यास निदान पाच मिनिटे लागतात. चाळीस स्लाइडना नुसत्या पाहण्यातच सव्वातीन तासांहून अधिक वेळ जातो, रंगवण्याचा वेळ वेगळाच. आणि डोळे थकतात म्हणून एका माणसाने दिवसाला वीस-पंचवीसपेक्षा अधिक स्लाइड पाहू नयेत, असा दंडक आहे.

आता यातील मर्म पाहा. ज्याच्या बेडक्यात जंतूंची रेलचेल असते, त्याचा रोग पहिल्या काही क्षेत्रांतच कळतो. घाईचा डोळाही तो चुकवत नाही. परंतु ज्याच्या शंभर क्षेत्रांत मिळून एक ते नऊच जंतू असतात, तो तिसाव्या क्षेत्रापाशी थांबणाऱ्याच्या हातून सहज निसटतो. म्हणजे आळसाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ती नेमकी त्या एका माणसाला पडते, ज्याचा रोग अद्याप थोडा आहे आणि म्हणून बरा करण्यास सोपा आहे. तो खोकत घरी जातो, आणि त्याची मुले त्याच्याच शेजारी निजतात.

हे शहर या प्रश्नाला अपरिचित नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची स्थापना १९५९ साली झाली. डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली पाहणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. क्षयाचे निम्म्याहून अधिक रुग्ण आपण होऊन दवाखान्यात जात होते, आणि त्यांतील बहुतेक खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतत होते, असे तीत दिसले. खेडूत अडाणी आहे, तो येतच नाही, हा सुशिक्षितांचा समज खोटा ठरला. तो आला होता. कोणी पाहिले नव्हते. बेडक्याची साधी तपासणी ठिकठिकाणी व्हावी, यावर देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाने जो भर दिला, त्याच्या मुळाशी हे सत्य होते.

पवित्र शास्त्रात या कामाच्या सर्वात जवळचे मला लेवीय १३ मधील याजकाचे काम वाटते. तो बरे करीत नाही. तो चट्टा पाहतो; संशय असल्यास सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो, गरज पडल्यास आणखी सात दिवस थांबतो, आणि मगच शुद्ध किंवा अशुद्ध असे ठरवतो. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावरही त्याला याजकाकडे पाठविले (मार्क १). रोग जाणे ही एक गोष्ट आणि तो गेल्याची साक्ष ही दुसरी, आणि प्रभूने त्या साक्षीला तुच्छ लेखले नाही. मिरजेच्या वानलेस रुग्णालयापासून आपल्या समाजाने परिचारिकांचा योग्य तो गौरव केला. प्रयोगशाळेतील माणसावर मात्र मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

म्हणून मी तिला लिहिले, की चूक आणि खोटेपणा यांत भेद कर. शंभर क्षेत्रे पाहूनही जंतू नजरेतून सुटला, तर ती चूक. एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते या रीतीने बहुधा दिसतच नाहीत. म्हणूनच अहवालात 'आढळले नाहीत' असे लिहितात, 'नाहीत' असे नव्हे. परंतु चाळीस क्षेत्रे पाहून तेच शब्द लिहिले, तर रुग्ण खरोखर निरोगी असला तरीही ते लिहिणे खोटे आहे. कारण ते त्याच्या छातीविषयीचे विधान नाही, तुझ्या पाहण्याविषयीचे आहे. खोट्या साक्षीची आज्ञा येथे लागू होते.

हे लिहिणे मला सोपे होते, हे मी जाणतो. निर्गम ५ मध्ये फारोने पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या तीच ठेवली. चाळीस स्लाइड एका मुलीपुढे ठेवणारा त्या दोषातून सुटत नाही. आणि पंधरा स्लाइड उद्यावर टाकाव्यात, तर कोणाची तरी मजुरी बुडवून त्याला पुन्हा बसने यावे लागेल. सत्यासाठी त्याला दंड का? याचे पुरते समाधान करणारे उत्तर माझ्यापाशी नाही. इतकेच वाटते, की उशिराची भरपाई करता येते, त्याची क्षमाही मागता येते. पण खोट्या अहवालाबद्दल क्षमा कोणाकडे मागायची हेच कधी कळत नाही.

आता यंत्रे आली आहेत. बेंगळुरूत विकसित झालेले व गोव्याच्या कंपनीचे ट्रूनॅट जंतूची जनुकीय खूण शोधते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. क्षेत्रे मोजण्याचे काम त्यामुळे कमी होईल. तरी डबीवरचे नाव आणि डबीतला बेडका एकाच माणसाचे आहेत, हे यंत्र सांगत नाही.

गेल्या आठवड्यात तिचे दुसरे पत्र आले. तिने वरिष्ठांना सांगितले की पंचवीस झाल्या, पंधरा राहिल्या. ते नाराज झाले, तथापि दुसऱ्या दिवशी त्या दोघींत वाटून दिल्या. तिने आपल्या वाट्याच्या पूर्ण पाहिल्या, सोबतिणीनेही पाहिल्या. त्या पंधरांपैकी एकीतही जंतू आढळले नाहीत.