दारावरची जोडपी

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीची. चैत्याच्या दर्शनी भागावर नाचणारी स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. घाटावर कार्ल्यालाही दाराशी जोडपी उभी आहेत. घरदार सोडलेल्या भिक्खूंच्या दारावर संसार कशाला? पुष्कळ अभ्यासक या मिथुनांना मंगलचिन्ह मानतात. म्हणजे संन्याशालाही उंबरठ्यावर शुभ हवेच होते, आणि ते दोघांत मिळून होते. एकट्या बाईवर त्याचा भार नव्हता.

लग्नातल्या शकुनांना आपण सुखाचे आमंत्रण म्हणतो. नीट पाहिले तर त्यांत भीतीच जास्त. नवरीच्या गालाला तीट लावतात, कारण पुऱ्या सुखाचा भरवसा कुणालाच नसतो. मंगळसूत्रात सोन्याच्या वाट्या दोनच. बाकी बहुतेक काळे मणी, दृष्टीसाठी.

भीती नवरदेवालाही असते. त्याच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू. पण लग्न लागले, पाहुणे पांगले की कट्यार परत जाते. भाड्याची असली तर दुसऱ्याच दिवशी. नवऱ्याचे भय एका दिवसाचे, नवरीने ते जन्मभर गळ्यात घालायचे. हळदसुद्धा आधी त्याला लागते, मग त्याची उष्टी हिला.

कायदा इतके मागत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मंगळसूत्राचा उल्लेख नाही. सप्तपदीची रीत असेल तिथे दोघांनी अग्नीसमोर मिळून सातवे पाऊल टाकले की विवाह पूर्ण.

सगळेच शकुन भित्रे नसतात. माप ओलांडणे मला फार आवडते. एरवी दाणा सांडला तर ओरडा बसतो, अन्नाला पाय लागला तर नमस्कार करायला लावतात; आणि नवी सून मात्र भरले माप उजव्या पायाने लवंडते, सगळे घर कौतुकाने बघते. इंग्लंडात नवरीच्या बुटात सहा पेनीचे नाणे ठेवत. ज्या घरात जे धन, तेच पायाशी येते. कोंडाण्याची लेणी आहेत ते कर्जत म्हणजे भाताचा मुलूख. १९१९ पासून इथे भात संशोधन केंद्र आहे, बियाण्याच्या वाणांना गावाचे नाव आहे. इथे मापातून नोटा सांडल्या तर कुणाला बरे वाटेल?

पण याच तांदळात खडाही आहे. अक्षतांना कणी चालत नाही. कणीची पेज होते, पोट भरते, तरी डोक्यावर पडायला अखंड दाणाच लागतो. तांदूळ निवडता निवडता आपण बायकाही निवडू लागलो. मुलीला एकटीने वाढवलेली आई मांडवात मागे बसते आणि ओटी भरायला शेजारीण पुढे होते, कारण तिचा नवरा जिवंत आहे. दुसरी पात्रता तिला कुणी विचारत नाही.

रायगडातल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिच्या तोंडच्या गाण्यांवर विधी पुढे सरकतात, पोथी लागत नाही. धवळ्यांची ही परंपरा जुनी. तेराव्या शतकात महदंबेने श्रीकृष्णाच्या लग्नाचे धवळे रचले. महदंबा बालविधवा होती. मराठीच्या आद्य कवयित्रीने देवाचे लग्न गायले, आणि तिचेच हळदीकुंकू कुणी घेतले असते का, ही शंका उरते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ठरावाने बांगड्या वाचतील. ओटी भरायला आईला पुढे बोलवायचे की नाही, हे ग्रामपंचायत ठरवत नाही. मांडवातल्या बायाच ठरवतात, आणि आजवर तिला मागे बसवले तेही बहुतेक त्यांनीच.