आईला न वाचता येणारी गोष्ट

चारकोपमधून मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा ‘का?’ असं मला कुणीच विचारलं नाही. धाकट्या बहिणीनं इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या सोसायटीनं विचारलं. ‘मग पुढे काय, टीचर होणार?’ हा प्रश्न शिळा आहे आणि त्याचं उत्तरही सोपं आहे. माझा पगार आहे, तिला दोन वर्षं मिळायला हरकत नाही, पुढचं पुढे बघू.

मला छळतो तो वेगळाच प्रश्न. ती तिथे नुसती वाचत नाही, लिहायलाही शिकते. आणि लिहायला लागलेला माणूस बहुतेक वेळा आधी घरच्यांबद्दलच लिहितो. आमच्या घरात इंग्रजी वाचणारे दोघंच, ती आणि मी. बाबा सही इंग्रजीत करतात, तेवढंच. आई नववीपर्यंत शिकली आणि मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण इंग्रजीत बसचा नंबर सोडून काही नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांनाच ते वाचता येणार नाही. असं लिहिणं योग्य आहे का?

तुम्ही म्हणाल, तू स्वतः दिवसभर काय करतोस? खरंय. मीही इंग्रजीतच लिहितो. कोडमधले इफ आणि एल्स, रिव्ह्यूतल्या कमेंट, मॅनेजरला पाठवायचे मेल. त्यावरून मला कुणी मराठीचा वैरी ठरवलेलं नाही. इंग्रजीत पगार घेतलेला चालतो, इंग्रजीत दुःख मांडलं की फितुरी. हा भेद मला बरीच वर्षं निव्वळ ढोंगी वाटायचा. आता तितका वाटत नाही, कारण माझ्या कोडमध्ये आई नाही.

इंग्रजी साहित्याचा आपल्याकडचा इतिहासही सरळ नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम यायला १८९०चं दशक उजाडलं, आणि आपली पोरं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शेक्सपिअर, मिल्टन घोकत होती. राज्यकर्त्यांनी त्यांचं साहित्य आपल्याला शिकवलं ते काही आपल्या रसिकतेवर खूश होऊन नाही. विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना केवढा झगडा करावा लागला! पण एवढंच सांगून थांबलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४चा, विद्यापीठाच्याही आधीचा. त्यात त्या शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगतात. ज्यांना स्वतःच्या भाषेतल्या पोथ्यांनाही हात लावू दिला जात नव्हता, त्यांना ‘इंग्रजी परकी’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

गंमत म्हणजे इंग्रजी शिकवून घर चालवणाऱ्यांनीच मराठीत काय काय लिहून ठेवलंय. विंदा करंदीकर मुंबईच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवायचे. नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, ‘कोसला’ १९६३ची, आणि देशीवाद मांडला तोही त्यांनीच. ज्ञानपीठ दोघांनाही. गौरी देशपांडे आधी इंग्रजीत कविता लिहीत होत्या, इंग्रजीतच पीएच.डी. केली, आणि गाजल्या त्या मराठी कथा-कादंबऱ्यांमुळे. उलट्या दिशेनं गेले ते किरण नगरकर. १९७४ मध्ये ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत, आणि वीस वर्षांनी माझगावच्या चाळीवरची ‘रावण अँड एडी’ इंग्रजीत. मराठीतल्या अनेकांना ते रुचलं नाही. ‘आपला माणूस गेला’ ही ती नाराजी होती. चाळीतल्या माणसांना स्वतःवरची कादंबरी वाचता येईल का, हा मुद्दा त्या भांडणात फारसा आलेला मला दिसत नाही.

माझा प्रश्न त्या मुद्द्याचा आहे. आणि तो पुस्तकातून नाही, घरातूनच आला.

आमचं घर वर्ल्ड बँकेच्या योजनेतलं. ऐंशीच्या दशकात चारकोपमध्ये प्लॉट पाडून दिले, मध्ये चौक आणि भोवती साधारण ३५ घरांची एक सोसायटी. घर ज्यानं त्यानं जमेल तसं बांधायचं. आमचा प्लॉट २५ चौरस मीटरचा. वरचा मजला चढवायला बाबांना पंधरा वर्षं लागली. खाली आईचं पोळी-भाजीचं काम. सकाळी आठच्या आत डबे जायला हवेत.

बहिणीला एका पेपरासाठी कथा लिहायची होती. तिनं आईवर लिहिली. सरांना आवडली, मार्क चांगले पडले. मी ती मेट्रोत वाचली, डहाणूकरवाडी ते अंधेरी, आणि उतरायचं स्टेशन चुकता चुकता राहिलं, इतकी चांगली होती. मग एका रविवारी, डब्यांना सुट्टी म्हणून, आई म्हणाली, “माझ्यावर लिहिलंयस ना? मग वाचून दाखव की.” बहीण समोर इंग्रजी कागद धरून तिथल्या तिथे मराठीत सांगत गेली. आईनं नीट ऐकलं. शेवटी म्हणाली, “बरी लिहिलीस. पण मी साडेचारला उठते, पाचला नाही.”

वाचताना मधला एक परिच्छेद बहिणीनं गाळला होता, हे फक्त मला कळलं.

तो परिच्छेद असा होता. सातवीतली मुलगी. शाळा इंग्रजी माध्यमाची (मी मराठी माध्यमाचा, आमच्या पिढीत थोरला मराठीत आणि धाकटं इंग्रजीत, अशी घरं चारकोपला रग्गड आहेत). विसरलेला डबा घेऊन आई शाळेच्या गेटवर येते, हाताला पीठ, साडीचा पदर खोचलेला. मैत्रिणी विचारतात, ही कोण? मुलगी म्हणते, “शी मेक्स अवर चपातीज.” वर्गात सरांनी याच परिच्छेदाचं सर्वांत जास्त कौतुक केलं.

घटना खरी आहे. आईला ती माहीत नाही.

मला लगेच सुचलेलं उत्तर होतं, मराठीत लिही, म्हणजे प्रश्न मिटला. पण तो मिटत नाही. दया पवारांनी ‘बलुतं’ १९७८ मध्ये मराठीतच लिहिलं, आणि ज्यांचं जगणं त्यात होतं त्यांच्यापैकीच काही शिकलेल्या लोकांना ते उघडं केल्याबद्दल राग आला. वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलं म्हणून माणूस दुखवायचा थांबत नाही. फक्त त्याला उलट बोलता येतं. पण ते ‘फक्त’ मला फार मोठं वाटतं. आईनं वेळ दुरुस्त केली, बहिणीनं इंग्रजी प्रतीतही साडेचार केले, आणि कथा तेवढी खरी झाली. गाळलेल्या परिच्छेदावर आई काय म्हणाली असती, ते कथेला कधीच कळणार नाही.

बहिणीचं म्हणणं वेगळं. “मराठीत लिहायला बसले असते तर ते वाक्य लिहिलंच नसतं,” ती म्हणते. पंचवीस मीटरच्या घरात दार लावून रडायला जागा नव्हती. इंग्रजी ही तिची दार असलेली खोली. मुलीला अशी खोली लागते, आणि मुलग्यापेक्षा जास्त लागते, हे मला मान्य आहे. तिनं ते डायरीत ठेवलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. पण सरांनी वाचलं, वर्गानं वाचलं, मी वाचलं. एकट्या आईला सोडून सगळ्यांना माहीत. या खोलीचं दार सगळ्या जगाला उघडं आणि घरच्यांना बंद आहे, आणि मला खटकतं ते हेच. (हा लेखही तिला विचारून लिहिलाय. आईच्या फोनवर तो येऊ शकतो, हे दोघांनाही ठाऊक आहे.)

म्हणून मी तिला एवढंच म्हटलं की मराठी कर. छापायला नको, तुझ्यापुरती. शांता गोखल्यांनी ‘रीटा वेलिणकर’ मराठीत लिहून स्वतःच इंग्रजीत नेली, तू उलटी आण. बाकी कथा दोन संध्याकाळींत झाली. अडली ती त्या एका वाक्यावर.

कारण इंग्रजीतलं ‘शी’ कुणालाही चालतं, आईला आणि कामाच्या बाईलाही. “शी मेक्स अवर चपातीज” हे तर अक्षरशः खरं वाक्य आहे, त्यात खोटं काहीच नाही. मराठीत मात्र ठरवावं लागतं. आमच्या घरी आई ‘ती’ आणि पोळ्यांना येणाऱ्या मावशी ‘त्या’. “ती आमच्या पोळ्या करते” लिहिलं तर मैत्रिणींना फसवल्यासारखं राहत नाही, लेकीची लाजही दिसत नाही. “त्या आमच्याकडे पोळ्या करतात” लिहिलं तर आदर वाढतो आणि त्या आदरानंच आई परकी होते. सातवीतल्या मुलीनं मनात नेमका कुठला शब्द धरला होता, हे इंग्रजी कथेनं तिला विचारलंच नव्हतं. सरांनीही नाही.

गेले तीन आठवडे ती ‘ती’ लिहून खोडते, ‘त्या’ लिहून खोडते. इंग्रजी कथा एका मासिकाला पाठवायची आहे, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. अजून पाठवलेली नाही.