पुंगळी

साताऱ्याजवळच्या एका गॅरेजात स्कूटरची ब्रेक केबल बदलायला थांबलो होतो. शेजारीच मधल्या स्टँडवर एक जुनी बुलेट उभी होती आणि तिच्याभोवती विशी ओलांडलेला एक मुलगा घुटमळत होता. मिस्त्रीने सायलेन्सरच्या मागच्या टोकाचा एक बोल्ट सोडवला, पकड घातली आणि आतली नळी ओढून बाहेर काढली. हातभर लांबीची, भोकाभोकांची, काजळीने काळी पडलेली नळी, तिच्याभोवती ग्लासवूल गुंडाळलेलं. हिलाच आपल्याकडे पुंगळी म्हणतात.

मुलाने किक मारली. टपरीवरचा चहावाला दचकून वळला, समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. "बघा काका, आता कशी मोकळी बोलती!" असं म्हणताना त्याचा चेहरा उजळला होता. तो आनंद खोटा नव्हता, आणि त्याला हिणवून मला पुढचं काही लिहायचं नाही.

मिस्त्रीने पुंगळी फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. "साइड बॉक्समध्ये टाकून ठेव. पोलिसानं धरलं तर लावता येईल." मी मुलाला विचारलं, "घरी काही म्हणत नाहीत का रे?" तो सहज म्हणाला, "बोळाच्या तोंडाशी गाडी बंद करतो की काका, तिथनं ढकलत नेतो. आजीची झोप लई हलकी हाय."

केबल बसली, मी निघालो. पण ते वाक्य गेले काही दिवस माझ्या मनातून जात नाही.

गाडीच्या आवाजाची ओढ ही काही आजची नव्हे. आपल्या आजोबांनी मोटारसायकलला नाव दिलं तेच मुळी तिच्या आवाजावरून, फटफटी. येझदी आली की राजदूत, हे माणसं घरात बसून ओळखायची. १९८५मध्ये आलेली यामाहाची आरएक्स १०० बंद होऊन तीस वर्षं होत आली, तरी तिचा आवाज आठवून आजही पन्नाशीतले लोक हळवे होतात. आणि बुलेटची तर गोष्टच वेगळी. जुन्या साडेतीनशेच्या इंजिनात एकच सिलिंडर, सत्तर मिलिमीटर रुंद आणि नव्वद मिलिमीटर लांब दट्ट्याची धाव. दट्ट्याला लांब पल्ला गाठायचा असतो, म्हणून ते इंजिन संथ चालतं. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर दोन फेऱ्यांत एकदा याप्रमाणे सेकंदाला आठ स्फोट होतात. ते आपल्या कानाला जवळजवळ वेगवेगळे ऐकू येतात. बुलेट डगडगते ती यामुळे. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने आपल्या इंजिनाच्या आवाजालाच ट्रेडमार्क मिळावा म्हणून १९९४मध्ये अर्ज केला होता. सहा वर्षं वाद चालला आणि २०००मध्ये कंपनीने तो मागे घेतला. यंत्राच्या आवाजात माणसाला सौंदर्य दिसतं, आणि ते दिसण्यात काही वावगं नाही.

वावगं सुरू होतं ते पुंगळी काढल्यावर. इंजिनातून बाहेर पडणारा वायू दर स्फोटाला धक्का देत येतो. सायलेन्सरच्या आतल्या भिंती, कप्पे आणि भोकं हा धक्का अडवतात, परत फिरवतात, एकमेकांवर आदळून विझवतात. ग्लासवूल मुख्यतः वरच्या पट्टीतला कर्कशपणा शोषून घेतं आणि खालचा भरदार ठोका बाहेर सोडतं. म्हणजे ज्या डगडगीवर तो मुलगा जीव टाकतो तिला गोलाई देणारी वस्तू तीच पुंगळी. ती काढली की आवाज वाढतो आणि सूर जातो. आधी ठोका होता, आता तडतड उरते. धावत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा चालू करायची आणि तापलेल्या नळीत न जळलेलं पेट्रोल पेटवून फटाके काढायचे, हा प्रकार तर इंजिन आणि सायलेन्सर दोघांनाही मारक आहे. गाडीवर प्रेम असणाऱ्याने तो करू नये.

ताकद वाढते, असंही सांगितलं जातं. इंजिनाला हवा आणि पेट्रोल किती मिळावं याचं गणित पूर्ण सायलेन्सर धरून बसवलेलं असतं. नुसती नळी उपसून ते गणित सुधारत नाही, उलट बिघडू शकतं. वाढतो तो आवाज, आणि मोठ्या आवाजाला आपण वेग समजतो.

मोठ्या आवाजाने अपघात टळतात, हे मात्र मी समजूतदार लोकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. त्यांना माझी विनंती आहे, गाडीकडे एकदा नीट पाहा. दुचाकीस्वाराला बरेचसे धोके समोरून आणि बाजूने येतात, आणि सायलेन्सरचं तोंड असतं मागे. आवाजाचा मुख्य मारा गाडी जिथून निघून गेली त्या दिशेला होतो. चालवणारा तर तो आवाज घेऊन पुढे निघून जात असतो. त्याच्या कानावर हेल्मेट असतं, वारा असतो. त्या आवाजाचा त्रास त्याला फारसा जाणवत नाही. मजा एकाने घ्यायची आणि तिची किंमत मागे राहिलेल्यांनी चुकवायची, अशी ही मांडणी आहे. मागे राहिलेले कोण, हे वळून पाहण्याचीही त्याला गरज पडत नाही.

ते कोण असतात हे मी सांगतो. रात्रपाळी करून सकाळी नऊला डोळा लागलेली नर्स असते. तीन तास थोपटून नुकतंच झोपवलेलं तान्हं आणि त्याच्याइतकीच थकलेली त्याची आई असते. छातीत स्टेंट बसवून घरी आलेला माणूस असतो. झोपलेला माणूस अशा आवाजाने जागा झाला नाही तरी त्याची नाडी वाढते, रक्तदाब चढतो. शरीर आवाज ऐकतच असतं. यातला कोणीही खिडकीत येऊन भांडत नाही, कारण तोवर गाडी दोन चौक पुढे गेलेली असते.

कायदा आहे, आणि तो पुरेसा स्पष्टही आहे. १७५ सीसीच्या वरची मोटारसायकल कारखान्यातून बाहेर पडताना, ठरलेल्या चाचणीत, साडेसात मीटरवरून ८० डेसिबलपेक्षा जास्त आवाज करता कामा नये. डेसिबलच्या मापात दहा वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणून ८० आणि ९० यांतला फरक आकड्यात दिसतो त्याहून फार मोठा आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या सरासरी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २०००च्या नियमांनी घालून दिलेली. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर आवाजाचे निकष मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. पोलीस मधूनमधून मोहीम काढतात, जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. पुढच्या आठवड्यात गॅरेजात नवे बोल्ट सुटू लागतात.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर मोठा निकाल दिला आणि शांततेत जगणं हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला. ते प्रकरण न्यायालयात आलं त्यामागे एक घटना होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला, ती मदतीसाठी ओरडत होती, आणि शेजारच्या लाउडस्पीकरवरच्या गाण्यांत तिचा आवाज कोणालाही ऐकू आला नाही. मोठा आवाज नुसता त्रास देत नाही, तो दुसऱ्या आवाजांवर पाय ठेवून उभा राहतो. हे वाचल्यापासून कोणताही कर्कश आवाज आला की मला वाटतं, याच्याखाली आत्ता कोणाचं काय दबलं असेल.

पण हे सगळं त्या मुलाला सांगायचं तर सांगणारा कोण, हाही प्रश्न आहेच. डीजेच्या भिंतींसाठी वर्गणीचे आकडे घालणारे आम्हीच आहोत. मुलाच्या लग्नाची वरात दवाखान्यावरून वाजतगाजत नेणारे, निवडून आलेल्या पुढाऱ्याच्या रॅलीत शंभर गाड्यांचा गोंगाट कौतुकाने पाहणारेही आम्हीच. मोठा आवाज म्हणजे मोठेपणा, हा धडा त्या मुलाने गॅरेजात शिकलेला नाही. तो त्याने आमच्या मांडवात शिकला. म्हणून वडीलधाऱ्यांनी आधी आपला आवाज उतरवावा, मग त्याच्या गाडीकडे बोट दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिली. बोलता बोलता कळलं, की तो एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे, सहा महिन्यांनी करार संपतो. दिवसभर त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. किक मारली तेव्हा टपरीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि मला वाटतं, त्या क्षणासाठी त्याने मिस्त्रीला पैसे दिले. आपण आहोत हे कोणाला तरी कळावं ही भूक खरी आहे. पण वळून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आदर नव्हता, वैताग होता. त्या मुलाचं सगळं लक्ष गाडीकडे होतं, त्याला तो दिसला नाही. मला दिसला.

म्हणून मी पुन्हा त्याच्या आजीकडे येतो. बोळाच्या तोंडाशी इंजिन बंद करून दीडशे-पावणेदोनशे किलोची गाडी अंधारात ढकलत नेणारा मुलगा निर्दय नसतो. आवाज कोणाला किती लागतो हे त्याला बरोबर माहीत आहे, आणि जिच्यावर माया आहे तिच्यासाठी तो घाम गाळायला तयार आहे. त्याला नीती शिकवायची गरज नाही, त्याच्या बोळाची हद्द तेवढी वाढायला हवी. घरी पोचेपर्यंत तो असे पंचवीस-तीस बोळ ओलांडतो. त्यांतल्या प्रत्येक बोळात हलक्या झोपेचं कोणी तरी आहे, आणि तिथे गाडी ढकलत न्यायला तो थांबू शकत नाही.

बाळा, तू हे वाचशील की नाही मला माहीत नाही. तुझी गाडी सुंदर आहे, तिची डगडगही सुंदर आहे. पुंगळी साइड बॉक्समध्येच आहे, बोल्ट एकच आहे. आज घरी जायच्या आधी ती बसवून टाक, आणि मग आजीच्या दारापर्यंत गाडी चालवत ने.